शरीरवस्तुमान निर्देशांक : एका निकषाची मर्यादा

शरीरवस्तुमान निर्देशांक उंचीच्या प्रमाणात वजन सांगतो. त्यात मेद किती, हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३, मेदाचे प्रमाण मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होते. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. तथापि वरील उदाहरण त्या मर्यादेतूनही निसटते. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील सडपातळ कामगार केवळ निर्देशांकावरून निरोगी ठरविला गेल्यास मधुमेहाचे निदान लांबण्याचा धोका संभवतो. म्हणून आरोग्य तपासणीत कंबरेचा घेर (पुरुष ९०, स्त्रिया ८० सें.मी.) व रक्तशर्करा यांची नोंद आवश्यक ठरते.