अगस्त्याचा तिसरा ग्रह

विज्ञानकादंबऱ्यांतील ग्रहांविषयी आमची एक जुनी तक्रार आहे. जत्रेतल्या नाटकाला जसे चार रंगविलेले पडदे पुरतात, एक रानाचा, एक राजवाड्याचा, एक तुरुंगाचा, एक रस्त्याचा, तसेच हे ग्रह असतात. प्रवेश बदलला की पडदा गुंडाळावयाचा. एक ग्रह सगळा बर्फाचा, दुसरा सगळा अरण्याचा, तिसऱ्यावर नुसते शहर. ज्या पृथ्वीवर एका तालुक्यात खाजण, डोंगर आणि कुळागर तिन्ही नांदतात, तिच्यावर राहणाऱ्या माणसाने असे एकरंगी ग्रह कल्पावे, हे दारिद्र्यच म्हणावे लागते. या तक्रारीला आमच्या वाचनात जो मोठा अपवाद आढळला, तो फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाच्या 'ड्यून' या कादंबरीतील अराकिस हा ग्रह. तोही, पाहू गेले तर, एकरंगीच आहे; सगळा वाळूचा. तरीही तो पडदा नव्हे. असे का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्रंथाची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९५७ साली हर्बर्ट ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर फ्लॉरेन्स या गावी गेला. तेथे सरत्या वाळूच्या टेकड्या रस्ते आणि घरे गिळीत चालल्या होत्या, आणि सरकारी शेतकी खात्याचे लोक गवत लावून त्यांस थोपवू पाहत होते. त्यावर त्याला एक लेख लिहावयाचा होता. लेख छापला गेला नाही. पण वाळू त्याच्या मनातून गेली नाही. १९६३ ते १९६५ या काळात 'अ‍ॅनालॉग' मासिकात ही कथा दोन भागांत क्रमशः आली. पुस्तकासाठी वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला, आणि अखेर १९६५ साली मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेने ते काढले. कोरड्या भूमीच्या अभ्यासकांस ते अर्पण केलेले आहे. अर्पणपत्रिका सहसा कोणी वाचीत नाही. ही मात्र वाचावी.

या विश्वातील प्रत्येक ग्रहाला हर्बर्टने खऱ्या-खोट्या ताऱ्यांचे पत्ते दिले आहेत, आणि शब्दसूचीत अराकिसचा पत्ता आहे: कॅनोपसचा तिसरा ग्रह. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य. माघ-फाल्गुनाच्या रात्री दक्षिणेस क्षितिजाच्या जरा वर, व्याधाच्या खालोखाल तेजाने, जो दिसतो तोच. ज्याने समुद्र पिऊन टाकला त्या ऋषीच्या ताऱ्याभोवती एक बिनसमुद्राचा ग्रह फिरतो, हे वाचून मराठी वाचक क्षणभर थबकल्याखेरीज राहणार नाही. लेखकाला हे ठाऊक होते असे मानण्यास आधार नाही, योगायोगच म्हणावयाचा. वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयास्ताचा स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि अगस्त्य उगवला की पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते ही समजूत कालिदासापर्यंत सर्वांना परिचित. तो तारा पाण्याशी जोडणारी परंपरा आपली आहे, हर्बर्टची नव्हे. ज्योतिर्विद मात्र कुरकुर करतील: सूर्याहून सुमारे १०,००० पट तेजस्वी असलेल्या अशा राक्षसी ताऱ्यापाशी तिसरा ग्रह सुखाने नांदेल कसा? कुरकुर रास्त आहे. पण येथे गणित पाण्याचे आहे, प्रकाशाचे नव्हे, आणि ते लेखकाने चोख केले आहे.

इतर ग्रहांची गोष्ट तशी नाही. गिएदी प्राइम हा हार्कोनेन घराण्याचा ग्रह काजळीचा, पिळून काढलेला. तो दुष्टांचा आहे एवढे कळले की त्याचे काम संपते. सालुसा सेकंडस हा बंदिवानांचा ग्रह, कायटेन हे राजधानीचे नुसते नाव. नायकाची जन्मभूमी कॅलॅडन ही समुद्राची आणि भाताची. तेथील पुंडी नावाच्या तांदळाचा दाणा चार सेंटिमीटरपर्यंत लांब होतो, आणि तोच तेथला मुख्य निर्यातीचा माल, अशी नोंद शब्दसूचीत आहे. भातखाऊ वाचकाच्या तोंडाला पाणी सुटावे आणि लेखकाने पान उलटावे! कॅलॅडनवर चिखलात उभा असलेला एकही शेतकरी आपल्याला दिसत नाही. ओलाव्याच्या भूमीत हर्बर्टची दृष्टी बोथट होते. ती तीक्ष्ण व्हावयास दुष्काळ लागतो.

अराकिसचा नकाशा पाहावा. तो उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशाचा आहे, कारण माणसाला थोडेफार राहता येते ते तेवढ्याच भागात. नकाशावरील टिपणात उंची मोजण्याची पायाभूत पातळी दिली आहे, आणि ती समुद्रसपाटी नाही; सपाट उघडे वाळवंट हीच ती पातळी. ज्या जगात समुद्रच नाही त्यात डोंगराची उंची कशावरून मोजावी, हा प्रश्न ज्या लेखकाला पडतो त्याने ते जग खरोखर पाहिले आहे असे आम्ही समजतो.

राजवाड्याच्या दारी पाण्याची पात्रे. पाहुण्याने हात बुडवावे, पाणी फरशीवर सांडावे, पंचाने हात पुसून तो ओला पंचा खाली टाकावा, आणि बाहेर भिकाऱ्यांना त्या पंचांचे पिळलेले पाणी विकत मिळावे, अशी तेथली जुनी चाल. नवा ड्यूक ती बंद करतो. वाड्यासमोर वीस खजुरीची झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागते, माणसाला ८. म्हणजे एक झाड पाच माणसांचे, आणि वीस झाडे शंभर माणसांची. रस्त्याने जाणारे त्या झाडांकडे पाहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हेवा असतो, द्वेष असतो, आणि काहींच्या डोळ्यांत आशाही. १९८४ नंतर पुन्हा २०२१ साली या कथेवर चित्रपट निघाला. त्यात डेनी व्हिलनव्ह या दिग्दर्शकाने तीच झाडे पवित्र करून टाकली. माळी म्हणतो, ती काढू नका, ते जुने स्वप्न आहे. दृश्य सुंदर आहे, पण मूळ प्रसंगाची धार त्यात बोथटली. मूळात ती झाडे सत्तेचा उन्मत्तपणा होती. चित्रपटात ती देवराई झाली.

मृताचे पाणी जमातीचे असते, हा वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा कायदा. जामिस नावाचा योद्धा द्वंद्वात पडतो, त्याच्या देहातून निघालेले ३३ लिटर आणि वर काही थेंब मोजून घेतले जातात. ज्याने त्याला मारले तो कोवळा नायक प्रेताशेजारी रडतो, आणि सारी जमात अवाक् होते: हा मृताला पाणी देतो आहे! तिलांजली देणाऱ्या समाजाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता मुख्य वादाकडे वळू. या ग्रहाला पुन्हा हिरवा करण्याचा संकल्प पार्डोट काइन्स नावाचा शास्त्रज्ञ करतो. त्याच्या हिशेबाने त्याला ३०० ते ५०० वर्षे लागतील. आज जे लोक दवाचे थेंब गोळा करतात त्यांच्यापैकी कोणीही झाड पाहणार नाही, हे तो त्यांना उघड सांगतो, आणि ते तयार होतात. अगस्त्याने समुद्र प्राशन केल्यावर देवांनी तो परत मागितला, तेव्हा पाणी जिरून गेले होते. मग अंशुमान, दिलीप आणि भगीरथ अशा पिढ्या खर्ची पडल्या तेव्हा गंगा उतरली. काइन्स हा या अर्थाने भगीरथच. पण भगीरथाच्या कथेत एक गोष्ट आहे जी काइन्सच्या वहीत नाही. गंगेचा वेग धरावयास कोणी जटा पुढे केली पाहिजे, हे आपल्या कथाकारांस ठाऊक होते. अराकिसवर तो वेग धरणारा कोणी नाही. १९७६ च्या 'चिल्ड्रेन ऑफ ड्यून'मध्ये हिरवळ घाईने पसरते, आणि ज्या अजस्र वाळूकिड्यास फ्रेमेन देव मानतात, तो पाण्याने मरू लागतो.

येथेच आमच्या वाचकांस खटकणारी गोष्ट येते. हर्बर्टच्या मते फ्रेमेनांची श्रद्धा ही पेरलेली आहे. बेने जेसरिट या स्त्रीसंघाची एक शाखा दूरच्या ग्रहांवर भविष्यकथा आणि विधी आगाऊ पेरून ठेवते, म्हणजे पुढे संघाच्या स्त्रीला संकटात आसरा मिळावा. त्या शाखेचे नाव मिसिओनारिया प्रोटेक्टिवा. ते ऐकून गोमंतकातील वाचकास काय आठवेल हे आम्ही सांगावयास नको. धर्म म्हणजे हुशारांनी भोळ्यांसाठी लावलेला सापळा, हा विचार काही नवा नाही, आणि मोठ्या कादंबरीस तो अपुरा पडतो. त्याच संघाच्या स्त्रिया प्राण आणि बिंदू हे आपले शब्द घेऊन केवळ स्नायू आणि मज्जा यांच्या कसरतीस लावतात, तेव्हा उसनवारी उथळ आहे हे स्पष्ट दिसते. फ्रेमेनांचे अरबी वळणाचे शब्द त्या मानाने पुष्कळ अधिक जिवंत आहेत.

परंतु कादंबरी आपल्या लेखकाच्या सिद्धांताहून शहाणी ठरली आहे. डोंगराच्या पोटात फ्रेमेनांनी पाण्याचा साठा केला आहे, ३ कोटी ८० लाख डेकालिटरांहून अधिक. तहानेने मरणारा माणूसही त्यातला थेंब घेणार नाही. हे व्रत कोणा संघाने पेरलेले नाही. ते त्या भूमीतून आलेले आहे. देवळाच्या तळीवर काय करावे व काय करू नये ही शिस्त ज्याच्या अंगवळणी आहे, त्याला दोन्हींतला फरक तत्काळ कळेल. सापळ्यातला धर्म पुराणातल्या भाकितांवर चालतो. या साठ्यातला धर्म ओंजळीवर चालतो. हर्बर्टने दोन्ही एकाच ग्रंथात लिहिले, आणि दुसऱ्याला नाव दिले नाही.

फ्रेमेनांच्या स्मृतीत मागे सोडलेल्या ग्रहांची नामावळी आहे: पोरिट्रिन, सालुसा सेकंडस, बेला टेग्यूज, रोसाक, हार्मोन्थेप. प्रत्येक ठिकाणाहून हाकलले गेलेले हे लोक नावे विसरत नाहीत. ज्यांच्या घराण्यात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास सोळाव्या शतकात कशी आणली, हे अजून सांगतात, त्यांना ही नामावळी कोरडी वाटणार नाही. मात्र एक भेद आहे. आपल्या लोकांनी नदी ओलांडताना देव बरोबर आणला; फ्रेमेनांना देव नव्या भूमीत, वाळूखाली, सापडला. म्हणून ती भूमी बदलली की त्यांचा देव जातो.

१९८१ च्या चौथ्या ग्रंथात, 'गॉड एम्परर ऑफ ड्यून'मध्ये, साडेतीन हजार वर्षे उलटली आहेत. वाळवंट राखून ठेवलेल्या एका तुकड्यापुरते उरले आहे, आणि तेथे जुने विधी अर्थ विसरून करणारे लोक राहतात. त्यांना संग्रहालयातले फ्रेमेन म्हणतात. कल्पना भेदक आहे, पण ग्रंथ लांब पल्ल्याच्या प्रवचनांनी जड झाला आहे, आणि हे लोक त्यात कडेला उभे राहतात. त्याहून आम्हाला १९६९ च्या 'ड्यून मेसाया'तील फारोक हा म्हातारा अधिक मोलाचा वाटतो. तो धर्मयुद्धात गेला तो विजयासाठी नव्हे, समुद्र पाहावयास. परक्या ग्रहावर तो पाण्यात उतरला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगातले युद्ध उतरले होते. हर्बर्टने हे एका म्हाताऱ्याच्या तोंडी दोन पानांत उरकले, आणि लगेच कटकारस्थानाकडे वळला. त्या दोन पानांसाठी आम्ही त्या ग्रंथातली सारी कारस्थाने सोडून देऊ.