आज्ञाखंडांतील अक्षरविचार

वेबपृष्ठाचा दर्शनी भाग रचणारे लोक जावास्क्रिप्टमधील लहान लहान तयार आज्ञाखंड एका कामातून उचलून दुसऱ्या कामात योजतात. शब्द उलटा करणे, लांब नाव ठराविक जागेत बसविणे, नावाचे आद्याक्षर दाखविणे, ही त्यांची नित्याची कार्ये होत. सिद्ध रचना पुनःपुन्हा वापरण्यात गैर काही नाही. पाणिनीची अनुवृत्तीही अशाच काटकसरीवर उभी आहे. मात्र अनुवृत्त पदाचा अधिकार कोठवर चालतो, याची चर्चा टीकाकार कसोशीने करतात. आज्ञाखंडाविषयी हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

शब्द उलटा करणारा प्रसिद्ध खंड एका ओळीचा आहे. तो शब्दाचे घटक सुटे करतो, त्यांचा क्रम फिरवितो आणि ते पुन्हा जोडतो. इंग्रजी शब्दाला तो सहज लागू पडतो. वाल्मीकीच्या आख्यायिकेत 'मरा'चा 'राम' होतो. या खंडास 'मरा' दिल्यास मात्र निराधार काना, 'र' आणि 'म' एवढेच हाती येते. 'राम' दिल्यास 'मार' मिळतो! यूनिकोडमध्ये व्यंजन, स्वरचिन्ह आणि हलन्तचिन्ह यांना पृथक् संकेतांक आहेत, आणि खंड प्रत्येक संकेतांकालाच अक्षर मानतो.

'ज्ञानेश्वर' या नावात वाचकास चार अक्षरे दिसतात. खंड दहा मोजतो. आद्याक्षर म्हणून तो केवळ 'ज' दाखवितो. सात घटकांवर नाव छाटल्यास 'ज्ञानेश' उरते. हा दोष अधिक घातक होय, कारण तो दोष म्हणून दिसतच नाही; एका व्यक्तीच्या जागी दुसरीच उभी राहते.

यावर उपाय नाही असे नव्हे. अक्षरसमूह ओळखणारी 'सेगमेंटर' ही सोय २०२२ च्या प्रमाणग्रंथात समाविष्ट झाली. परंतु देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम यूनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत १५.१ या आवृत्तीने, म्हणजे २०२३ मध्ये, आला. तत्पूर्वीच्या नियमांनुसार 'ज्ञानेश्वर'चे सहा भाग पडत. तेव्हा सुधारलेला खंडही कोणत्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो, हे पाहणे प्राप्त आहे.

सारांश, खंडाचा आटोपशीरपणा हा त्याचा गुण खरा; पण 'अक्षर म्हणजे काय' या प्रश्नाचे एका लिपीपुरते उत्तर त्यात अनुक्तपणे दडलेले असते. ते उत्तर आणि त्याची मर्यादा खंडाच्या माथ्यावर स्पष्ट नोंदविली जात नाही, तोवर त्यास पुनरुपयोगी म्हणणे अतिव्याप्तीचे ठरेल.