काकवी आणि दही

लोकांच्या पत्रिकेत राहू असतो. मी जन्मलोच राहूत. दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यातला हा उसाचा मुलूख. आमचं गुऱ्हाळ होतं, आणि घरातला मार उतरंडीनं खाली यायचा. काहिलीतला पाक करपला की आजोबा अण्णांवर ओरडत, अण्णा आईवर, आणि आईच्या खाली उरायचो मी आणि म्हैस. म्हैस दूध द्यायची, म्हणून वाचायची! माझ्या पाठीत उसाचं टिपरू बसे. मग आई गुपचूप वाटीभर काकवी पुढे सारायची. ‘लागलं का रे?’ असं मात्र तिनं कधी विचारलं नाही.

हे आठवलं ते परवा मुलाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवताना. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुढे १९५३ साली अत्र्यांनी सिनेमा काढला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळवलं. तेव्हापासून पोरावर हात टाकणाऱ्या मराठी माणसाला एक भक्कम साक्षीदार मिळाला. पोहायला घाबरून लपलेला श्याम, आणि त्याला झोडपून विहिरीवर धाडणारी आई. बघा, मारलं म्हणूनच घडला!

मला या खेपेला दुसरंच दिसलं. पोराला लोक भित्रा म्हणतील, हे त्या माउलीला सोसवत नाही. म्हणजे भ्यालेत दोघंही. श्याम विहिरीला, आई गावाला. मार बसतो तो धाकट्याला, एवढंच. नंतर ती त्याच्यासाठी राखून ठेवलेलं दही पुढे करते. आपण लक्षात ठेवतो मार. गुरुजींचा जीव गुंतलाय तो त्या दह्यात. तरी माझी एक तक्रार आहेच. गोष्ट सांगतो तो मोठा, कृतज्ञ झालेला श्याम. लपून बसलेल्या पोराला कुणी बोलू दिलंय?

२००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतल्या छडीला बंदी घातली. तो कायदा आमच्या उंबऱ्याशी थांबतो.

हे सगळं मी बायकोला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. त्याच रविवारी पाहुण्यांसमोर चिरंजीव सतराच्या पाढ्यात अडखळले, पाहुणे गालात हसले, आणि माझा हात उठला.

पाहुणे गेल्यावर तो जवळ आला. म्हणाला, “बाबा, त्या आईनं दही ठेवलं होतं.”

घरात दही नव्हतं.