थंड समीकरणे आणि पाच भाकरी

विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव, उडत्या तबकड्या आणि परग्रहावरच्या लढाया, असा समज आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांनी मराठी वाचकाला त्यातून बऱ्याच अंशी बाहेर काढले. तरीही अनेक घरांत हा साहित्यप्रकार मुलांच्या कपाटातच राहतो. वास्तविक उत्तम विज्ञानकथा ही दृष्टांताची धाकटी बहीण आहे. दृष्टांताप्रमाणेच तीही 'समजा, असे असे घडले' असे म्हणून आपल्याला एका प्रसंगात उभे करते आणि मग विचारते, 'आता तू काय करशील?' मात्र असा प्रश्न ऐकताना सुज्ञ वाचकाने एक सावधगिरी बाळगायला हवी. उत्तर शोधण्याआधी त्या 'समजा'ची तपासणी करावी. गरिबांना मदत करावी की नाही, सरकारने लोककल्याणावर खर्च करावा की नाही, या वादांत आपण बहुधा ही तपासणी विसरतो. म्हणून माझ्या आवडीच्या दोन कथांच्या आधारे हा विषय मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

पहिली कथा टॉम गॉडविन या अमेरिकन लेखकाची, 'द कोल्ड इक्वेशन्स', म्हणजे 'थंड समीकरणे'. 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकात ती ऑगस्ट १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. वोडन नावाच्या ग्रहावर काही माणसे तापाने मरणपंथाला लागली आहेत. त्यांच्यासाठी लस घेऊन एक छोटे यान निघाले आहे. यानात इंधन अगदी मोजून दिलेले. चालक बार्टन याला कळते की आत कोणीतरी लपले आहे. ती निघते अठरा वर्षांची मॅरिलिन, भावाला भेटण्याच्या ओढीने चढलेली. फार तर दंड भरावा लागेल, एवढीच तिची कल्पना. परंतु तिच्या वजनाने इंधन अपुरे पडणार, यान कोसळणार आणि रोगीही मरणार. नियम स्पष्ट आहे : अशा प्रवाशाला यानाबाहेर टाकावे. मुलगी आईवडिलांना आणि भावाला पत्रे लिहिते, भावाशी बिनतारी यंत्रावरून दोन शब्द बोलते आणि स्वतःच्या पायांनी त्या अखेरच्या दाराकडे जाते.

ही कथा वाचून डोळे कोरडे राहणे कठीण. बार्टन दुष्ट नाही, नियम करणारे दुष्ट नाहीत, मुलगी तर निष्पापच. दोष कोणाचाच नाही, दोष गणिताचा, असा लेखकाचा दावा आहे. विज्ञानकथांच्या इतिहासात एक हकीकत प्रसिद्ध आहे. गॉडविन प्रत्येक मसुद्यात मुलीला वाचवण्याची काहीतरी युक्ती शोधत असे आणि संपादक जॉन कॅम्पबेल ती कथा परत पाठवीत असत; मुलगी मेलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. म्हणजे ज्या मृत्यूला कथा निसर्गनियम म्हणते, तो संपादकाच्या मेजावर ठरलेला होता!

आता त्या 'समजा'कडे पाहू. ज्या यानात एक जास्तीचा माणूस म्हणजे सर्वांचा मृत्यू, त्याच्या दाराला पक्के कुलूप का नाही? उड्डाणापूर्वी कोणी कपाट उघडून का पाहिले नाही? दारावर नुसती प्रवेशबंदीची पाटी. आत शिरल्यास मरण आहे, हे त्या पाटीवर लिहिलेले नाही. आणीबाणीच्या यानात थोडेही राखीव इंधन असू नये, हे कोणत्या भौतिकशास्त्राने सांगितले? या गोष्टी गणिताने ठरवलेल्या नाहीत, माणसांनी ठरवल्या आहेत. कथा मात्र त्या पडद्याआड ठेवते आणि फक्त शेवटची वजाबाकी आपल्यासमोर मांडते. निर्णयाला निसर्गनियमाचे कपडे चढवायचे आणि मग 'काय करणार, नाइलाज आहे' असे म्हणायचे, हा तर्कदोष या सुंदर कथेच्या मुळाशी आहे.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात कयफा धर्मसभेपुढे नेमके हेच समीकरण मांडतो : सबंध राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एकाने मरणे बरे. त्याच्या तोंडून नकळत भविष्यवाणी झाली, असे योहान सांगतो. परंतु एक हिशेबी माणूस म्हणून कयफाने काय केले, ते विसरता कामा नये. तिसरा मार्ग असू शकतो का, हे त्याने तपासलेच नाही.

कथेतली गोष्ट कथेत राहिली असती तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. पण हीच रचना पुढे शास्त्राच्या भाषेत आली. १९६७ साली विल्यम आणि पॉल पॅडॉक या अमेरिकन बंधूंनी १९७५ मधल्या भावी दुष्काळावर पुस्तक लिहिले आणि ज्यांना वाचवणे अशक्य, अशा देशांच्या यादीत भारताला टाकले. १९७४ साली जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी जीवनरक्षक नावेची उपमा दिली. नावेत पन्नास जण, जागा आणखी दहांची, पाण्यात शंभर जण. हार्डिन यांचा सल्ला असा, की कोणालाच आत घेऊ नये. त्या दहा रिकाम्या जागादेखील सुरक्षिततेसाठी रिकाम्याच ठेवाव्यात. गरीब देशांना धान्य दिले तर त्यांची लोकसंख्या वाढेल आणि पुढचे संकट अधिक मोठे होईल, हा त्यांचा निष्कर्ष. आणि उदाहरणांत भारत होताच. नाव कोणी बांधली, पाण्यातली माणसे पाण्यात कशी पडली, नावेतल्यांनी किती सामान भरले आहे, हे प्रश्न मात्र उपमेच्या बाहेरच राहिले.

हा लेख लिहिला जात होता त्याच सुमारास महाराष्ट्र १९७२-७३ च्या भीषण दुष्काळातून बाहेर पडत होता. सुकडी आणि लाल मिलो यांची आठवण असलेली पिढी आजही आपल्यात आहे. त्या दुष्काळात सरकारने माणसांना समीकरणावर सोडले नाही. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशी कामे काढली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. हाल झाले, जनावरे गेली, घरे उठली. पण ज्या प्रमाणावर मृत्यूचे भाकीत करता आले असते त्या प्रमाणावर माणसे मेली नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ पासून शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ साली तो अमलात आला. सोप्या भाषेत सांगायचे, तर नावेतल्या लोकांनी थोडे सामान कमी केले. या योजनेत खोटी हजेरीपुस्तके निघाली, मजुरी थकली, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण हजेरीपुस्तक खोटे निघाले म्हणून भूक खोटी ठरत नाही. एका लबाडावरून सगळ्या गरजूंचा निवाडा करणे, हा कल्याणविरोधी युक्तिवादातला दुसरा नेहमीचा दोष होय.

दुसरी कथा अर्सुला ले ग्विन यांची, १९७३ सालची. ओमेलास नावाचे एक अत्यंत सुखी नगर. त्याच्या तळघरात एक मूल अंधारात, घाणीत, उपाशी कोंडलेले आहे. त्याला एक प्रेमाचा शब्द जरी मिळाला, तरी नगराचे सारे सुख नाहीसे होईल, असा करार आहे आणि तो प्रत्येक नागरिकाला ठाऊक आहे. बहुतेक जण हळहळतात आणि नंतर सवय करून घेतात. काही थोडे मात्र निमूटपणे नगर सोडून जातात.

इथेही एकाचा बळी आणि अनेकांचे हित. पण फरक मोठा आहे. गॉडविनच्या कथेत कोणीच जबाबदार नाही. ले ग्विनच्या कथेत प्रत्येक जण जबाबदार आहे. तिथे आपण रडून मोकळे होतो, इथे मोकळे होता येत नाही. म्हणून मला ही कथा थोर वाटते. तरीही ख्रिस्ती वाचक म्हणून तिच्यापाशी माझे एक मागणे अपुरे राहते. निघून जाणाऱ्यांचे हात स्वच्छ राहतात, पण मूल तळघरातच असते. पायऱ्या उतरून जाणारा आणि करार खरा आहे का, हे पाहणारा तिथे कोणी नाही.

प्रभू येशूने रानात पाच हजारांना जेवू घातले, त्या प्रसंगी फिलिपनेही गणितच मांडले होते : दोनशे दीनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. प्रभूने त्याला रागावले नाही. पण हिशेबाने विषय संपूही दिला नाही. मार्कच्या वृत्तान्तात तो शिष्यांना म्हणतो, किती भाकरी आहेत ते जाऊन पाहा. लोकांना रांगेने बसवले जाते, आणि शेवटी उरलेले तुकडेही गोळा केले जातात. चमत्कार आपल्या हाती नाही. पण जाऊन पाहणे, माणसांना बसवणे, उरलेले वाया जाऊ न देणे, हे तर आहे. लोककल्याणाच्या कोणत्याही योजनेत याहून वेगळे काय असते?

गणित नाकारावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पैसा मर्यादित असतो आणि अविचारी दानाने नुकसानही होते. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या कार्यातून आज धर्मग्रामोधर्मग्रामी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरभेटी देतात, त्या याच कारणासाठी. दारात उभे राहून विचारपूस केल्याशिवाय गरज किती आणि कसली, हे कळत नाही. 'मदत दिली की माणूस आळशी होतो' हे वाक्य बैठकीत बसून सहज म्हणता येते. आजारी नवरा आणि तीन मुले असलेल्या बाईच्या ओट्यावर बसून ते म्हणणे जड जाते.

आपल्या तरुण मुलांनी या दोन्ही कथा वाचाव्यात आणि मोठ्यांनी त्यांच्याशी वाद घालावा, अशी माझी विनंती आहे. गॉडविनची कथा मी पुन्हा वाचीन, कारण ती उत्तम रचलेली आहे. पण पुढच्या वेळी कोणी 'नाइलाज आहे' असे म्हणाले, की आधी विचारावे : दाराला कुलूप का नव्हते, आणि इंधन कोणी मोजले?