'संरेखन-चिन्ह' : एक परिभाषाविचार

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार बीटा-ग्लोबिन जनुकात 'ए'च्या जागी 'टी' हे एकच अक्षर आल्याने उद्भवतो. अशी अक्षरे वाचणाऱ्या काही यंत्रांत त्यांस प्रकाशमान रंगद्रव्ये जोडून फेरीफेरीने छायाचित्रे घेतात. ती परस्परांवर तंतोतंत बसावीत म्हणून अचल ठिपके योजलेले असतात. छायाचित्र सरकल्यास एका रेणुसमूहाचे अक्षर शेजारच्याच्या नावे लागेल. या ठिपक्यांस 'संरेखन-चिन्ह' म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. वस्तुतः जुळवावयाची असतात ती छायाचित्रे. ठिपका जागचा हलत नाही. इंग्रजी 'फिड्यूशिअल'च्या मुळाशी लॅटिनमधील 'विश्वास' हा अर्थ आहे. आपल्याकडे हद्दीच्या दगडावर असाच विश्वास ठेवतात. म्हणून 'स्थिरखूण' ही संज्ञा अधिक ग्राह्य होय.