‘सापामुळे’ मधला ‘मुळे’: एका आवडत्या पेपरवर टीका

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: आवडलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात कमी काय आहे तेही सांगा. पहिल्या अर्ध्यावर सगळे छान बोलतात, दुसऱ्यावर गाडी अडते. म्हणून आज मला मनापासून आवडणारा पेपर घेतोय. ज्युली सॅव्हिज यांचा, १९८७ साली ‘इकॉलॉजी’त आलेला. प्रश्न असा की पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरचे रानपक्षी कुणी संपवले?

आपल्याकडचा चष्मेवाला तुम्ही पाहिलाच असेल. हिरवा-पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं, थव्याने किलबिलत फिरणारा. त्याचाच एक भाऊबंद ग्वामच्या जंगलात होता. १९६०चं दशक संपेपर्यंत बेटाच्या दक्षिणेतून बहुतेक रानपक्षी गेले. मग मधल्या भागातून. १९८३ साली दहा जाती एकत्र दिसत होत्या त्या फक्त उत्तर टोकाला, कड्याखालच्या जंगलाच्या एका तुकड्यात.

संशय कीटकनाशकांवर होता आणि रोगावरही. हवाईमध्ये डासांनी पसरवलेल्या हिवतापाने पक्षी मेले होते, मग इथेही तेच असणार! (दुसऱ्याच्या बेटावरचं उत्तर आपल्या बेटावर चिकटवायचा मोह मला रोज होतो.) सॅव्हिज यांचं हे पीएचडीचं काम. शेजारच्या बेटावरचे चष्मेवाले आणून, डास पोचतील अशा पिंजऱ्यांत ठेवून पाहिले गेले. ते मेले नाहीत.

उरला तपकिरी वृक्षसर्प, आपल्या मांजऱ्या सापाचा नातेवाईक. झाडावर चढणारा, रात्री फिरणारा, दुसऱ्या महायुद्धानंतर बहुधा लष्करी मालातून आलेला. साप जसजसा पसरला तसतसे पक्षी हटले. सापळ्यांत आमिष म्हणून पक्षी ठेवले, तर पक्षी संपलेल्या भागात सापांनी त्यांचा फडशा पाडला आणि पक्षी टिकून असलेल्या भागात त्यांना फारसं कुणी शिवलं नाही.

आता टीका. सापळ्यातला लावा उडून जाऊ शकत नाही. त्यातून एवढंच कळतं की इथे साप आहेत आणि ते पक्षी खातात. रानातला चष्मेवाला त्यांनीच संपवला, हे त्यातून निघत नाही. साप कुठे कधी पोचला याचा बराचसा आधार स्थानिक लोकांच्या आठवणी, म्हणजे निशाचर प्राण्याची तारीख माणसाला तो पहिल्यांदा दिसला त्या दिवसावरून ठरते. आणि बेट एकच. तरीही शीर्षकात थेट ‘सापामुळे’ नामशेष असंच म्हटलंय. हा ‘मुळे’ मला पहिल्या वाचनात उद्धट वाटला होता.

मत बदललं ते दोन बारीक गोष्टींमुळे. पहिली, सापाला पोचता येणार नाही अशा जागी घरटी करणाऱ्या पक्ष्यांना कमी फटका बसला. गुहेच्या भिंतीवर राहणारी पाकोळी थोड्या ठिकाणी का होईना, टिकली. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते: बेटावरचे छोटे सस्तन प्राणीही घटले होते. पक्ष्यांचा रोग उंदरांना कशाला मारेल? मग भक्ष्य संपल्यावर सापच का उपाशी मेला नाही, असं तुम्ही विचाराल. कारण पाली-सरडे भरपूर होते. त्यांच्यावर साप जगत राहिला आणि उरलेले पक्षी वेचत राहिला.

म्हणजे एकेक पुरावा लंगडा, पण प्रत्येकाचा पाय वेगळा. मुलाखतीत हे बोललात तर पुढचा प्रश्न येईल: मग याहून भक्कम पुरावा कसा मिळवला असता? घरट्यांवर पाळत ठेवून. पण त्यासाठी घरटी हवीत. ग्वामचा चष्मेवाला शेवटचा दिसला तो १९८३ मध्ये, पेपर छापून यायच्या चार वर्षं आधी.

ग्वामची पाणकोंबडी आणि खंड्या तेवढ्यात पकडून प्राणिसंग्रहालयांत नेले, म्हणून ते आज आहेत. २०२४ साली काही खंड्या पाल्मायरा बेटावर सोडलेही. चष्मेवाला असा कुणी पकडून ठेवला नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याचं नाव संरक्षित जातींच्या यादीतून काढलं. शेरा: नामशेष.