विनामूल्य गृहशिक्षणक्रमातील ग्रंथनिवड : ‘अँबलसाइड ऑनलाइन’चे एक परीक्षण

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणाऱ्या कुटुंबांसाठी आंतरजालावर आज विपुल शिक्षणसाहित्य विनामूल्य मिळते. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व घटकराज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले, व तेथेच या साहित्याची वाढ सर्वाधिक झाली. त्यापैकी ‘अँबलसाइड ऑनलाइन’ हा अभ्यासक्रम येथे परीक्षणासाठी घेतला आहे. काही स्वयंसेवक मातांनी तो या शतकाच्या आरंभी रचला. वर्षाचे छत्तीस आठवडे, त्यांची बारा-बारा आठवड्यांची तीन सत्रे आणि प्रत्येक आठवड्याचे वाचन, अशी त्याची आखणी असून त्यासाठी एक पैसाही आकारला जात नाही. या श्रमांविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे : या क्रमातील ग्रंथ कोणी निवडले?

अभ्यासक्रमाचे नाव इंग्लंडमधील अँबलसाइड या गावावरून आले आहे. शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी तेथे १८९२ मध्ये अध्यापिकांसाठी विद्यालय काढले. मूल हे जन्मतःच पूर्ण व्यक्ती असते, या सूत्रातून त्यांची पद्धती निघते. मुलासाठी दळून पातळ केलेली पाठ्यपुस्तके नकोत; विषयावर प्रेम असणाऱ्या लेखकाचा ‘जिवंत’ ग्रंथ हवा. तो एकदाच वाचावा आणि मुलाने लगेच आपल्या शब्दांत कथन करावा. शिक्षकाने ग्रंथ आणि मूल यांच्यामध्ये उभे राहून प्रवचन करू नये, यावर मेसनबाईंचा विशेष कटाक्ष होता. पद्धती सुंदर आहे खरी. परंतु तिचा सारा भार ग्रंथावर पडतो. वाईट पाठ्यपुस्तक चांगल्या शिक्षकाच्या हातून सावरले जाऊ शकते. येथे ती सोयच ठेवलेली नाही.

प्रस्तुत क्रमातील पुष्कळसे ग्रंथ स्वामित्वहक्काची मुदत संपलेले आहेत, आणि म्हणूनच ते विनामूल्य आहेत. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने ही सीमा वीस वर्षे गोठविली. २०१९ उजाडेपर्यंत १९२३ वा त्यानंतरचे बहुतेक वाङ्मय मुक्त झालेच नाही. म्हणजे हा क्रम घडत असताना विनामूल्य ग्रंथांच्या कपाटात जवळजवळ फक्त मेसनबाईंच्या हयातीतील पुस्तके होती. (बाईंचे निधनही १९२३ चेच, हा केवळ योगायोग.) त्यामुळे क्रम मेसनबाईंशी एकनिष्ठ दिसतो. पण ही निष्ठा अक्षराशी आहे. एच. ई. मार्शल यांचे ‘अवर आयलंड स्टोरी’ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले व मेसनबाईंनी ते आपल्या कार्यक्रमांत घेतले, तेव्हा ते नवे पुस्तक होते. त्या समकालीन ग्रंथ निवडीत. त्यांचे अनुयायी त्यांचे समकालीन ग्रंथ निवडतात.

या भेदाचा परिणाम काय होतो, ते याच पुस्तकात पाहता येते. कलकत्त्याच्या ‘काळ्या कोठडी’वर (१७५६) त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. ती हकीकत मुख्यतः हॉलवेल याच्या कथनावर उभी आहे. त्याने सांगितलेल्या १४६ बंदिवानांच्या संख्येविषयी संशोधकांनी पूर्वीच शंका घेतली होती. १९५९ मध्ये ब्रिजेन गुप्त यांनी ती ६४ च्या आसपास आणली. नऊ-दहा वर्षांचे मूल हे प्रकरण एकदा ऐकते, रंगून जाते व जसेच्या तसे सांगते. मार्शलबाईंची कथनशैली उत्तम आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. रुक्ष पाठ्यपुस्तकातील साम्राज्याभिमान मूल विसरून जाईल. जिवंत ग्रंथातील विसरणार नाही.

शास्त्रविषयांत दोष वेगळ्या जातीचा आहे. चार्ल्स किंग्जली यांचे ‘मॅडम हाउ अँड लेडी व्हाय’ (१८७०) चौथ्या वर्षाच्या वाचनात येते. भूकंपाचे कारण म्हणून किंग्जली भूगर्भात कोंडलेल्या वाफेकडे बोट दाखवितात. भूपट्टांचा सिद्धांत १९६० नंतरच्या दशकात मान्य झाला, तेव्हा यात लेखकाचा अपराध नाही. उलट ‘कसे’ आणि ‘का’ हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हे किंग्जली मुलाला ज्या हातोटीने समजावितात, ती आजच्या अनेक क्रमिक पुस्तकांत आढळत नाही. या ग्रंथाला सोबतीस टिपांची पुस्तिका जोडून रचनाकारांनी माहितीतील उणीव भरून काढली आहे. परंतु टिपा वाचून दाखवावयाच्या म्हणजे आईने मध्ये उभे राहिलेच! इतिहासातही असेच करावयास हवे. मग ‘विनामूल्य’ या शब्दात आईच्या पूर्वतयारीचे तास मोजले गेलेले नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

क्रमात सर्वच काही जुने आहे, असे मात्र नव्हे. भूगोलासाठी होलिंग यांचे १९४१ चे ‘पॅडल-टु-द-सी’ पहिल्याच वर्षी नेमले आहे. ते मुक्त नाही. विकत घ्यावे लागते किंवा ग्रंथालयातून आणावे लागते. योग्य ग्रंथ सापडल्यास मूल्याची अट सोडण्याची रचनाकारांची तयारी यावरून दिसते. ती इतिहासात तितकी दिसत नाही, हा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

मराठीत असा क्रम रचू पाहणाऱ्यास हीच कोंडी वेगळ्या रूपात भेटेल. आपल्याकडे हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. हरिभाऊ आपटे (मृत्यू १९१९) केव्हाच मुक्त झाले. साने गुरुजी (मृत्यू १९५०) २०११ पासून. कथा-कादंबरी व संस्कारकथा यांची बाजू त्यामुळे भक्कम राहील. खगोलशास्त्र सोप्या मराठीत सांगणारे जयंत नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. कायद्याच्या हिशेबाने त्यांचे ग्रंथ विनामूल्य क्रमात २०८६ मध्ये येऊ शकतील.